नकाशावर नसलेल्या गावाचे आर्चबिशप

आमच्याकडे वसईत एका बिशपांचा दीक्षाविधी झाला, त्या संध्याकाळची गोष्ट. विधी आटोपला, मैदानातल्या मांडवात जेवणं सुरू झाली आणि नव्या बिशपांभोवती माणसांचा गराडा पडला. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या अंगठीचं चुंबन घेत होत्या, कुणी नातवंडाला पुढे सरकवून त्याच्या डोक्यावर हात ठेवून घेत होतं. मांडवाच्या एका कडेला दिल्लीहून आलेले पोपचे राजदूत उभे होते. ज्या पत्रामुळे हा सगळा सोहळा घडत होता, ते रोमचं पत्र दोन तासांपूर्वी याच मैदानात सगळ्यांसमोर वाचलं गेलं होतं. आता मात्र त्यांच्याजवळ फारसं कुणी जात नव्हतं. त्यात अनादर नव्हता. त्यांच्याशी काय बोलायचं, हेच लोकांना कळत नव्हतं. ते हातात ताटली घेऊन वाढप्या पोराला एका पदार्थाचं नाव विचारत होते.

आई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "हेही आर्चबिशप ना? मग यांचा धर्मप्रांत कुठला रे?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. नाव सापडलं, पण ते गाव आता नव्हतं. उत्तर आफ्रिकेतले पडके खांब, रोमन काळातल्या भिंतींचे अवशेष, एवढंच. आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्यांना माणसंच नाहीत."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कॅथलिक चर्चमध्ये बिशप कुठल्या ना कुठल्या गावाचाच असावा लागतो. गाव नाही तर बिशप नाही, ही फार जुनी रीत. मग ज्यांना स्वतःचा धर्मप्रांत नसतो, त्यांना एखाद्या लोप पावलेल्या धर्मप्रांताचं नाव दिलं जातं. कधी काळी तिथे ख्रिस्ती वस्ती होती, बिशप होता, पुढे सगळं वाळूखाली गेलं. पोपचा राजदूत, म्हणजे नुन्सिओ, बहुधा असाच एखाद्या नावापुरत्या गावाचा आर्चबिशप असतो. त्याचं काम दुपदरी. एकीकडे तो त्या देशाच्या सरकारकडे पाठवलेला राजदूत. दुसरीकडे तो तिथल्या चर्चमधला पोपचा डोळा आणि कान. नवा बिशप नेमायचा असला की तो गुपचूप चौकशी करतो, अनेकांना गोपनीय प्रश्नावल्या पाठवतो आणि शेवटी तीन नावं निवडून आपल्या मतासह रोमला कळवतो. आपल्या देशाचे व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध १९४८ मध्ये जुळले. दिल्लीत चाणक्यपुरीतल्या नीती मार्गावर ही कचेरी आहे. वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला तो १९९८ मध्ये, आणि त्याचेही कागद याच वाटेने गेले आले असणार.

या साऱ्या वाटेवरून चाललेल्या माणसांपैकी एकाचा मी गेली काही वर्षं पाठलाग करतो आहे. आंजेलो ज्युसेप्पे रोंकाल्ली. जग त्यांना पोप जॉन तेविसावे म्हणून ओळखतं. आमच्या घरी त्यांचा जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो होता. जाडजूड शरीर, मोठे कान, हसरा चेहरा. पोपपदाची त्यांची साडेचार वर्षं आणि त्यांनी बोलावलेली दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला ओढ वाटते ती त्याआधीच्या अठ्ठावीस वर्षांची. ती त्यांनी दुसऱ्यांच्या देशांत, दुसऱ्यांच्या अंगणात काढली.

जन्म २५ नोव्हेंबर १८८१ चा, उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात. नावाचा अर्थच डोंगराखालचं गाव. घरचे अर्धेलीने शेती करणारे, भावंडांचं मोठं खटलं. रोममध्ये १७०१ पासून पोपच्या राजदूतांना तयार करणारी एक अकादमी आहे. बहुतेक नुन्सिओ तिथून बाहेर पडतात. रोंकाल्ली तिथे कधीच शिकले नाहीत. बेर्गामोच्या बिशपांचे सचिव, सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, इतिहासाचे शिक्षक, पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत सार्जंट आणि पुढे लष्करी चॅपलेन, म्हणजे सैनिकांचे धर्मगुरू, मग रोममध्ये मिशनकार्याच्या निधीचं काम. त्रेचाळिसाव्या वर्षी, मार्च १९२५ मध्ये त्यांना आर्चबिशपपदाची दीक्षा मिळाली आणि बल्गेरियाला जायला सांगितलं गेलं. गाव मिळालं आरेओपोलिस, म्हणजे आजच्या जॉर्डनमधल्या रब्बा इथलं प्राचीन नगर. ब्रीदवाक्य त्यांनी घेतलं, आज्ञापालन आणि शांती.

२५ एप्रिल १९२५ ला ते सोफियात उतरले. त्याच्या नऊच दिवस आधी तिथल्या स्वेता नेदेल्या चर्चमध्ये एका अंत्यविधीच्या वेळी बॉम्बस्फोट होऊन दीडशेच्या वर माणसं मेली होती. शहर लष्करी कायद्याखाली होतं. नवख्या पाहुण्याने अशा वेळी काय करावं? रोंकाल्ली जखमींना भेटायला इस्पितळात गेले. जखमी ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमपासून वेगळ्या झालेल्या पूर्वेकडच्या चर्चचे, आणि भेटायला आलेला कॅथलिक. त्या देशात या दोन चर्चेसचं एकमेकांकडे जाणं-येणं जवळजवळ नव्हतंच.

त्यांना धड राजदूताचा दर्जाही नव्हता. 'अपोस्टॉलिक व्हिजिटर', म्हणजे पाहणी करून येणारा. थोड्या दिवसांचं काम असं वाटलं होतं, ती जवळजवळ दहा वर्षं झाली. बल्गेरियातले कॅथलिक मूठभर. त्यातले पौर्वात्य विधी पाळणारे, म्हणजे पोपला मानणारे पण पूर्वेच्या पद्धतीने उपासना करणारे, तर मॅसेडोनिया आणि थ्रेसमधून निर्वासित होऊन आलेले, डोंगराळ खेड्यांत विखुरलेले. रोंकाल्ली खेचरावर बसून त्यांच्यापर्यंत गेले. १९२८ च्या एप्रिलमध्ये चिरपान आणि प्लोवदिव भागात भूकंप झाला, तेव्हा ते तिथे जाऊन राहिले आणि रोमकडून मदत मागवून अन्नछत्रं चालवली. लोक त्या अन्नाला 'पोपचं सूप' म्हणत.

आणि तरीही हा माणूस आतून दुखावलेला होता. १९२६ च्या अखेरीस त्यांनी एकांतसाधनेत लिहिलेली टिपणं वाचताना मी थबकलो होतो. मला त्रास बल्गेरियन लोकांकडून होत नाही, तो रोममधल्या आपल्याच मध्यवर्ती कारभाऱ्यांकडून होतो, हे मला अपेक्षित नव्हतं आणि ते फार लागतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. पत्रं पाठवायची आणि उत्तर यायचं नाही. सुचवलेलं काम अडून राहायचं. दूरच्या नेमणुकीवर असलेल्या कुणालाही ही टोचणी कळेल. आमच्या गावचे कितीतरी जण आखातात आणि बोटीवर नोकऱ्या करून आले. परकी माणसं परकी असतात हे आपण धरूनच चालतो, घरच्यांनी दखल न घेणं मात्र सहन होत नाही, असं माझे एक काका म्हणत. रोंकाल्लींनी ही तक्रार स्वतःच्या वहीत ठेवली. बाहेर तिचा सूर लागू दिला नाही.

सोफियातलं त्यांचं सर्वांत मोठं काम तर सरळ फसलं. राजा बोरिस तिसरा ऑर्थोडॉक्स, त्याने इटलीची कॅथलिक राजकन्या जोव्हान्ना पसंत केली. रोमने अट घातली की लग्न एकदाच, कॅथलिक पद्धतीने आणि मुलंही कॅथलिक. वाटाघाटीत रोंकाल्ली होते. २५ ऑक्टोबर १९३० ला असिसीत लग्न लागलं आणि आठवडा उलटायच्या आत सोफियात ऑर्थोडॉक्स विधीही झाला. १९३३ मध्ये मुलगी झाली, तिचा बाप्तिस्मा ऑर्थोडॉक्स चर्चने केला. पोप पायस अकरावे संतापले. मधल्या माणसाची काय अवस्था झाली असेल! रोंकाल्लींनी निषेध नोंदवला, तो नोंदवणं भागच होतं, पण राजाशी बोलणं तोडलं नाही. हा तपशील मी मुद्दाम इथे ठेवतो आहे, कारण तो पुढे लागणार आहे.

१९३४ च्या नाताळात निरोपाच्या प्रवचनात त्यांनी सोफियाच्या लोकांना एक वचन दिलं. आयर्लंडमध्ये नाताळच्या रात्री खिडकीत मेणबत्ती ठेवायची प्रथा आहे, तिचा दाखला देऊन ते म्हणाले की, मी जगात कुठेही असेन, बल्गेरियाचा कुणीही अडचणीत माझ्या दारावरून गेला तर त्याला माझ्या खिडकीत दिवा दिसेल. त्याने दार ठोठवावं. तू कॅथलिक की ऑर्थोडॉक्स, हे मी विचारणार नाही. जाताना त्यांचं आरेओपोलिस बदलून मेसेंब्रिया झालं. ते काळ्या समुद्रावरचं प्राचीन बल्गेरियन बंदर, आजचं नेसेबर. नावापुरतं का होईना, बल्गेरिया त्यांच्यासोबत निघालं.

जानेवारी १९३५ मध्ये ते इस्तंबूलला आले. तुर्कस्तान आणि ग्रीस, दोन्हीकडचे पोपचे प्रतिनिधी. इथेही सरकारदरबारी ओळख नाही. अतातुर्कच्या तुर्कस्तानला धर्माचे अधिकारी सार्वजनिक जीवनात नकोच होते. त्याच वर्षी जूनपासून धार्मिक पोशाख प्रार्थनास्थळाबाहेर घालायला बंदी आली. रोंकाल्लींनी झगा उतरवला, साधा सूट आणि गोल टोपी घालून ते रस्त्यावर चालू लागले. कित्येक धर्मगुरूंना हा अपमान वाटला. रोंकाल्लींनी तुर्की भाषा शिकायला घेतली.

आणि आता मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग. इस्तंबूलच्या कॅथलिकांत फ्रेंच बोलणारे, इटालियन बोलणारे, ग्रीक, आर्मेनियन असे सगळे होते. चर्चमध्ये लॅटिन आणि प्रवचनापुरती फ्रेंच. तुर्की ही बाजाराची आणि पोलिसाची भाषा. रोंकाल्लींनी ठरवलं की ज्या देशात राहतो त्या देशाची भाषा देवळात ऐकू आली पाहिजे. जानेवारी १९३६ मध्ये त्यांनी आशीर्वादानंतरची देवस्तुती तुर्कीतून म्हणायला लावली. 'तान्रे म्युबारेक ओल्सुन.' देव धन्य असो. काही लोक नाराज होऊन चर्चमधून उठून गेले. त्या रात्री रोंकाल्लींनी रोजनिशीत लिहिलं की, लोक गेले, पण मी समाधानी आहे.

हे वाचलं की मला आजी आठवते. तिच्या आयुष्याची पन्नासेक वर्षं लॅटिन मिस्सा ऐकण्यात गेली. प्रवचन मराठीतून असायचं, भक्तिगीतं असायची, पण मिस्सा लॅटिनमधून. फादर वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून. ते बोलतात ते देवाशी बोलतात, आपलं काम गुडघे टेकून रोझरी म्हणायचं, असं ती समजत आली होती. पुढे परिषदेच्या निर्णयाने मिस्सा मराठीत आली. पहिल्या वेळचं ती नेहमी सांगायची. "फादर वळले आणि म्हणाले, प्रभू तुम्हांबरोबर असो. मी इकडं तिकडं बघितलं. म्हटलं, कोणाला म्हणतायत? मग कळलं, मलाच." 'दोमिनुस व्होबिस्कुम' हे शब्द तिने हजारो वेळा ऐकले होते. ते आपल्याला उद्देशून आहेत आणि त्यांना उत्तर द्यायचं असतं, हे तिला वयाच्या साठीत समजलं.

परिषदेने लोकभाषेला वाट मोकळी केली, तो ठराव डिसेंबर १९६३ मध्ये संमत झाला. परिषद बोलावणारे रोंकाल्ली त्याच्या सहा महिने आधी, ३ जूनला वारले होते. ठरावामागे शेकडो बिशप, अभ्यासक आणि दशकानुदशकांची चळवळ होती, हे मला माहीत आहे. तरी इस्तंबूलच्या त्या रविवारी उठून जाणाऱ्यांकडे पाहत उभा राहिलेला तो जाडा माणूस मला आजीच्या त्या सकाळचा पूर्वज वाटतो, आणि हे मी अगदी मनापासून म्हणतो.

इस्तंबूलच्या वर्षांत त्यांचे वडील गेले, १९३५ मध्ये, आणि १९३९ मध्ये आई. दोन्ही वेळा ते या परक्या नेमणुकीवर होते.

मग युद्ध आलं. तटस्थ तुर्कस्तान म्हणजे हेर, राजदूत आणि निर्वासित यांचा बाजार झाला. सरकारी दर्जा नसलेला हा माणूस सगळ्यांना भेटू शकत होता. जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या ताब्यात गेलेल्या ग्रीसमध्ये १९४१-४२ च्या हिवाळ्यात माणसं उपासमारीने रस्त्यावर मरत होती आणि ब्रिटिशांच्या नाकेबंदीमुळे धान्य येत नव्हतं. रोंकाल्ली अथेन्सला गेले, ऑर्थोडॉक्स आर्चबिशप दामास्किनोस यांना भेटले आणि धान्याची जहाजं सोडावीत ही विनंती रोमपर्यंत पोचवली. ज्यू एजन्सी या संस्थेचे इस्तंबूलमधले प्रतिनिधी हाइम बार्लास त्यांच्याकडे वरचेवर येत. पॅलेस्टाइनचे मुख्य रब्बी इसाक हर्झोग १९४४ च्या फेब्रुवारीत भेटले आणि रुमानियाच्या ताब्यातल्या ट्रान्सनिस्ट्रियात अडकलेल्या ज्यूंसाठी शब्द टाकण्याची त्यांनी विनंती केली. रोंकाल्लींनी बुखारेस्टच्या नुन्सिओंना लिहिलं. पॅलेस्टाइनमध्ये प्रवेश देणारी प्रमाणपत्रं त्यांनी चर्चच्या टपालातून बुडापेस्टच्या नुन्सिओंकडे रवाना केली.

आणि ३० जून १९४३ ला त्यांनी राजा बोरिसला पत्र लिहिलं, ज्यूंना वाचवा म्हणून. तोच बोरिस, ज्याने लग्नात दिलेला शब्द मोडला होता. तेव्हा बोलणं तोडलं असतं, तर या पत्राला पत्ताच उरला नसता. खरं तेही सांगायला हवं. त्या मार्चमध्ये बल्गेरियाने ताब्यात घेतलेल्या थ्रेस आणि मॅसेडोनियातले अकरा हजारांहून अधिक ज्यू बल्गेरियन अधिकाऱ्यांनी जर्मनांच्या हवाली केले होते आणि ते ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले. खुद्द बल्गेरियातले ज्यू वाचले, त्याचं पहिलं श्रेय संसदेचे उपाध्यक्ष दिमितार पेशेव्ह, ऑर्थोडॉक्स बिशप स्तेफान आणि किरिल आणि तिथल्या सामान्य माणसांचं. रोंकाल्लींचं पत्र त्या दबावातला एक धागा. त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी रोमला लिहिलं होतं की, ज्यूंना पॅलेस्टाइनकडे नेण्यात चर्चने हातभार लावून तिथे ज्यू राज्य उभं राहावं, याबद्दल माझं मन साशंक आहे. शंका मनात होती आणि कागद पुढे जात राहिले. संतांच्या चरित्रातून ही शंका गाळू नये असं मला वाटतं. शंका असताना केलेल्या मदतीचं मोल मला जास्त वाटतं.

६ डिसेंबर १९४४ ला सांकेतिक तार आली. पॅरिसला नुन्सिओ म्हणून नेमणूक. काहीतरी चूक असणार असंच त्यांना वाटलं. पॅरिस ही पोपच्या राजदूतांची सर्वांत मानाची जागा, आणि हे बाल्कनच्या आडबाजूला वीस वर्षं राहिलेले. पण घाई खरी होती. जनरल द गॉल यांनी आधीच्या नुन्सिओंना, वालेरिओ वालेरी यांना, ते व्हिशी सरकारकडे, म्हणजे युद्धकाळात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारकडे, नेमलेले होते म्हणून ठेवून घ्यायला नकार दिला होता. १ जानेवारीला राष्ट्रप्रमुखांना सगळ्या राजदूतांच्या वतीने शुभेच्छा द्यायच्या असतात, आणि १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेपासूनच्या रिवाजानुसार तो मान नुन्सिओचा. नुन्सिओ नसेल तर तो सोव्हिएत राजदूताकडे गेला असता. रोंकाल्ली ३० डिसेंबरला पॅरिसमध्ये पोचले, १ जानेवारी १९४५ ला आपली अधिकारपत्रं सादर केली आणि त्याच दिवशी सर्वांच्या वतीने शुभेच्छांचं भाषण केलं.

पॅरिसबद्दल मी फार लिहीत नाही. मेजवान्या, मंत्री, चर्चचे कट्टर विरोधक म्हणून गाजलेले राजकारणी एदुआर एरियो यांच्याशी मैत्री, हे सगळं झालंच. सरकारला व्हिशीशी संगनमताच्या आरोपावरून बरेच बिशप काढून हवे होते. रोंकाल्लींनी प्रत्येकाबद्दल पुरावा मागितला, वेळ जाऊ दिला आणि अखेर बोटांवर मोजण्याइतकेच गेले. मला त्यापेक्षा शार्त्रजवळची ती छावणी महत्त्वाची वाटते. तिथे काटेरी तारांच्या आत जर्मन युद्धकैद्यांचं सेमिनरी भरत होतं, फ्रान्झ श्टोक नावाचे जर्मन फादर ते चालवत. फ्रान्समध्ये तेव्हा जर्मन हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. पोपचा राजदूत पुन्हा पुन्हा त्या पोरांकडे जात राहिला.

१२ जानेवारी १९५३ ला पायस बाराव्यांनी २४ नवे कार्डिनल केले. त्या यादीत रोंकाल्ली होते. त्याच यादीत मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस होते, गोव्याच्या मातीतले, जन्म कराचीचा, भारताचे पहिले कार्डिनल. वसई तेव्हा मुंबई धर्मप्रांतातच होती, म्हणजे ते आमचे आर्चबिशप. घरातल्या जुन्या मंडळींना ती बातमी आल्यावर वाजलेल्या घंटा आठवत. रोंकाल्लींची लाल टोपी मात्र पॅरिसमध्येच चढली. जुन्या हक्कानुसार फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती द्यायची होती, आणि राष्ट्राध्यक्ष होते समाजवादी व्हिन्सेंट ओरिओल. एलिझे महालात रोंकाल्ली त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, सिस्टाइन चॅपेलमध्ये नवा पोप निवडायला जमलेल्या कार्डिनलांत आमचे ग्रेशियसही होते.

अलीकडे, २०२० मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या त्या अकादमीतल्या तरुण फादरांना एक नवा नियम घातला. राजदूतांच्या सेवेत जाण्याआधी त्यांनी एक वर्ष कुठल्या तरी मिशन भागात, लोकांमध्ये काम करायचं. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आधीच करायला हवं होतं."

रोंकाल्लींना त्यांची माणसं मिळाली ती कार्डिनल झाल्यावर. व्हेनिसचे पात्रिआर्क, म्हणजे तिथले आर्चबिशप, म्हणून नेमणूक झाली आणि १५ मार्च १९५३ ला ते त्या शहरात आले. तिथल्या पहिल्या भाषणात त्यांनी आपल्या घरच्या समाधानी गरिबीबद्दल सांगितलं, देवाने खेड्यातून उचलून पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या रस्त्यांवर फिरवलं असं सांगितलं, आणि माझ्याकडे मुत्सद्दी म्हणून पाहू नका, मेंढपाळ म्हणून पाहा अशी विनंती केली. ते एकाहत्तर वर्षांचे होते. आरेओपोलिस गेलं होतं, मेसेंब्रिया गेलं होतं. त्यांच्या नावापुढे पहिल्यांदाच असं गाव लागलं होतं, जिथे सकाळी उठून कुणाच्या तरी दारावर जाता येत होतं.